मास्क लावूनही केस राठच? डीप कंडिशनिंगचा नीट क्रम

केसांचा मास्क, म्हणजे लावून थोडा वेळ ठेवायचा घट्ट कंडिशनर, आणला, अर्धा तास डोक्याला लावून ठेवला, धुतला. वाळेपर्यंत केस मऊ लागले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडूसारखे राठ. ही तक्रार मी इतक्या जणींकडून ऐकली आहे की आता मी मास्क कोणता, हे विचारतच नाही. मी विचारते, लावण्याआधी काय केलं होतंस? उत्तरात बहुतेक वेळा तीनपैकी एक चूक सापडतेच. केसांत आदल्या रात्रीचं तेल तसंच होतं, किंवा केसांतून पाणी टपकत होतं, किंवा सगळा मास्क टाळूवर चोळला होता आणि शेंडे कोरडेच राहिले होते.

क्रम सांगण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटेल. डोक्यावर दिसणारा केस जिवंत नसतो. जिवंत असतं ते टाळूच्या आतलं मूळ. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंत केस असतील तर शेंड्यांचं वय पाच वर्षांच्या आसपास भरतं. पाच वर्षांचं ऊन, उशीवरची घासाघीस, कंगवा आणि शेकडो न्हाणी त्या शेंड्यांनी सोसलेली असतात. केसाच्या बाहेरच्या थरात कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात. शेंड्यांकडे ही कौलं उचकटलेली आणि फुटलेली असतात. कंडिशनरमधले धन भाराचे रेणू झिजलेल्या, ऋण भाराच्या जागी जास्त चिकटतात, उचकटलेले खवले चापून बसवतात आणि घर्षण कमी करतात. हा लेप आहे, जखम भरून काढणं नाही. दोन-चार न्हाण्यांत तो निघून जातो आणि पुन्हा लावावा लागतो.

थोडक्यात, उपचार शेंड्यांचा आहे. टाळूचा नाही.

१. एक-दोन दिवस आधी: तुमच्या केसांना काय हवं आहे ते बघा

धुतलेला, ओला असा एकच केस घ्या आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ताणा. थोडा ताणला जाऊन परत जागेवर आला तर केस ठीक आहे. रबरासारखा लांबत गेला आणि मग तुटला, तर त्यातलं प्रथिन खालावलं आहे. वारंवार रंग, ब्लीच किंवा स्ट्रेटनिंग केलेल्या केसांत हे दिसतं. अशांना हायड्रोलाइझ्ड केराटिन किंवा हायड्रोलाइझ्ड व्हीट प्रोटीन असलेला मास्क अधूनमधून उपयोगी पडतो. आणि केस ताणलाच गेला नाही, कडक राहून पटकन तुटला, तर प्रथिनवाला मास्क सध्या बाजूला ठेवा. साधा, मऊपणा देणारा मास्क घ्या.

केस पेल्यातल्या पाण्यात टाकून तो तरंगतो की बुडतो यावरून निष्कर्ष काढायला सांगतात, त्याच्या नादी लागू नका. केसावर किंचित तेल असलं तरी तो तरंगतो.

मास्कच्या डब्यामागची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिले पाच-सहाच महत्त्वाचे. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, सेट्रिमोनियम क्लोराइड, सिटायल अल्कोहोल, सिटिअरिल अल्कोहोल अशी नावं वरच्या बाजूला दिसली तर तो खरोखर कंडिशनर आहे. इथलं ‘अल्कोहोल’ वाचून अनेकजणी डबा परत ठेवतात. तसं करू नका. हे मेणासारखे, केस मऊ करणारे पदार्थ आहेत. केस कोरडे करतं ते पातळ, उडून जाणारं अल्कोहोल वेगळं. आणि डब्यावर समोर मोठ्या अक्षरात ‘आर्गन’ लिहिलंय आणि मागच्या यादीत आर्गन तेल सुगंधाच्याही खाली आहे, तर पैसे कशाचे मोजताय ते लक्षात येईल.

*सावधान:* मास्क पहिल्यांदाच वापरत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावून धुवा आणि २४ ते ४८ तास थांबा. खाज, लाली, पुरळ आलं तर तो मास्क तुमचा नाही. घरगुती मिश्रणालाही हाच नियम. घरचं म्हणजे निर्धोक असं नसतं.

२. पाणी तपासा

ही पायरी बहुतेक लेखांत नसते, आणि आपल्याकडे तर तीच आधी हवी. मराठवाड्यात, सोलापूरकडे, पुण्या-मुंबईच्या नव्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, आणि ते बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर बसतं, आणि त्या थरावर तुम्ही कितीही महागडा मास्क थापा, केस खरखरीतच लागतो.

ओळखायचं कसं? बादलीच्या आतून पांढरा खरपुडा धरतो, नळाच्या तोंडाला पांढरे डाग पडतात, साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल लवकर जाते. यातलं काही दिसत असेल तर महिन्यातून एकदा ‘चिलेटिंग’ लिहिलेला शॅम्पू वापरा. डिसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए हे घटक क्षार धरून ठेवतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. तो केस कोरडे करतो, म्हणून ज्या दिवशी तो वापराल त्याच दिवशी डीप कंडिशनिंग करा, वेगवेगळ्या दिवशी नको. शेवटचा तांब्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा घेता आला तर आणखी बरं.

इथेच शिकेकाईबद्दल. शिकेकाईची पूड किंवा काढा वेगळा, आणि शिकेकाई साबणाची वडी वेगळी. वडी हा साबणच आहे. जड पाण्यात साबणाचा न धुतला जाणारा चिकट साका होतो आणि तो केसावर बसतो. वडी लावून मग मास्क लावणाऱ्यांची तक्रार सर्वांत जुनी, आणि उपायही सोपा: त्या दिवशी वडी बाजूला ठेवा.

३. तेल लावायचं असेल तर आधी, आणि मोजून

तेलावरून आपल्या घरांत वाद होतात. आजी म्हणते तेलाशिवाय न्हाणं नाही, नात म्हणते तेलाने केस चिकट होतात. दोघींचं खरं आहे, क्रम चुकतो. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतं. जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्समध्ये २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. त्यात धुण्यातून केसाचं प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. म्हणजे तेल धुण्यापूर्वी, ढाल म्हणून. मास्कच्या नंतर टाळू चोपडून नाही, आणि मास्कमध्ये मिसळून तर नाहीच, कारण केसावर तेलाचा थर आला की मास्क वरच्या वर राहतो.

एक ते दोन चमचे तेल फक्त केसांच्या लांबीवर, न्हाण्याआधी अर्धा तास ते तासभर. रात्रभर ठेवून उशी माखायची गरज नाही. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंड्यामागची बुरशी टाळूवरच्या तेलावरच पोसते.

४. केस धुवा: दोनदा, पण टाळूपुरते

तेल लावलेलं असेल तर एकदा धुवून भागत नाही. शॅम्पू तळहातावर घ्या, थोडं पाणी घालून पातळ करा, मग बोटांच्या पेरांनी टाळूवर फिरवा. नखं नकोत. केसांची लांबी वेगळी चोळायची नाही. डोक्यावरून उतरणारा फेस लांबीला पुरतो. धुवा, आणि पुन्हा एकदा, निम्म्या शॅम्पूने. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे घासण्याची सवय मोडायला वेळ लागतो, पण अर्धा गुंता तिथेच तयार होतो.

*तपासा:* एक बट हातात धरून तिच्यावर पाणी सोडा. थेंब मण्यासारखे घरंगळत असतील तर तेल अजून आहे. पाणी बटेला धरून सरळ ओघळत असेल तर पुढे जा.

५. पाणी निपटून घ्या

सगळ्यांत जास्त चुका याच पायरीवर होतात, म्हणून इथे थोडी थांबते.

माझ्या मावसबहिणीकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. तिने डोकं धुतलं, लगेच डब्यात बोटं घातली आणि मास्क चोळायला लागली. केसांतून पाण्याची धार लागलेली. मी खाली पाहिलं तर लादीवरून एक पांढरट ओघळ मोरीकडे चालला होता. निम्मा मास्क तिच्या डोळ्यांदेखत वाहून जात होता आणि उरलेला इतका पातळ झाला होता की केसाला धरतच नव्हता. ‘अगं, हा डबा मला तीनदाच पुरतो,’ असं ती कितीदा तरी म्हणाली होती. तीनदाच पुरायचा, कारण त्यातला निम्मा मोरीला जात होता.

आम्ही पुन्हा केस धुतले. मी तिला जुना सुती पंचा दिला. टर्किशचा जाड टॉवेल नको, त्याचे टाके उचकटलेल्या खवल्यांत अडकतात. पंचा केसांवर वरून खाली दाबत नेला, मुठीत एक एक बट घेऊन, पिळवटून नाही. तीन-चार मिनिटं लागली. मग तोच मास्क, पूर्वीच्या निम्म्याहून कमी, तिच्या पूर्ण केसांना पुरला.

*तपासा:* बट मुठीत घट्ट दाबा. हात ओला व्हायला हवा, पण थेंब खाली पडता कामा नये. तेवढंच ओलं हवं. पूर्ण कोरड्या केसावरही मास्क नीट पसरत नाही. जागोजागी थापला जातो.

६. लावणं: शेंड्यांपासून वर

केसांचे चार भाग करा. दाट असतील तर सहा. मधला भांग, मग कानामागून आडवा, आणि प्रत्येक भागाला चिमटा. हे आळसाने टाळलं की वरचा थर माखतो आणि आतले केस कोरडे राहतात. बहुतेकांचे आतले केसच जास्त गुंततात, मानेवर घासून.

खांद्यापर्यंतच्या केसांना सगळा मिळून लिंबाएवढा मास्क पुरतो, कमरेपर्यंतच्या दाट केसांना दोन लिंबांएवढा. एका भागासाठी सुपारीएवढा घ्या, दोन्ही तळहातांवर पसरा, आणि आधी शेंड्यांवर लावा. दोन तळव्यांमध्ये बट धरून दाबत दाबत वर कानाच्या रेषेपर्यंत या. मुळापासून चार बोटं जागा मोकळी सोडायची. तिथले केस नवे असतात आणि टाळूचं तेल त्यांना मिळतंच. तिथे मास्क गेला तर केस दुसऱ्याच दिवशी चापट बसतात, कपाळावर पुटकुळ्या येतात आणि दोष मास्कला दिला जातो.

आता मोठ्या दातांचा कंगवा, तोही शेंड्यांपासून. खालच्या चार बोटांचा गुंता आधी सोडवा, मग थोडं वरून, मग आणखी वरून. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. वरून एकदम कंगवा ओढला की गुंता खाली सरकून गाठ बसते आणि ती गाठ तोडूनच निघते. केस कुरळे असतील तर कंगव्याआधी बोटांनी वाट काढा.

*सावधान:* लहान मुलीच्या केसांना लावताना डोळ्यांपासून दूर ठेवा, आणि लादी धुवून टाका. कंडिशनर सांडलेली लादी फार निसरडी होते. घरात आजी-आजोबा असतील तर हे आधी करा, केस नंतर.

७. ऊब आणि वेळ

केस सैल गुंडाळून डोक्यावर घ्या, शॉवर कॅप घाला. पंचा गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि कॅपवरून बांधा. हाताला सहन होईल इतपतच गरम. गार झाला की एकदा बदला. ऊब असली की मास्क सारखा पसरतो. पार्लरमध्ये हेअर स्पा म्हणून जी वाफ देतात, तिचं मुख्य काम हेच. घरी पंच्याने बऱ्यापैकी साधतं.

वेळ १५ ते २० मिनिटं. डब्यावर यापेक्षा कमी लिहिलं असेल तर तेवढीच. केसाला जेवढं चिकटायचं तेवढं या वेळात चिकटून होतं. पुढचे दोन तास तुम्ही फक्त ओलं डोकं घेऊन बसता. मास्क लावून रात्रभर झोपू नका. केस तासन् तास फुगलेला राहतो, आणि टाळू ओलसर आणि झाकलेला राहिला की कोंडा आणि खाज वाढते. पावसाळ्यात तर हमखास.

*सावधान:* केराटिन ट्रीटमेंट, स्मूदनिंग, बोटॉक्स या नावांनी पार्लरमध्ये जे करतात ते डीप कंडिशनिंग नव्हे. त्यांतल्या काही उत्पादनांत तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सोडणारी रसायनं असतात. डोळे चुरचुरले, घशात खवखवलं तर तिथून उठा आणि मोकळ्या हवेत या.

८. धुवून काढणं

कोमट पाणी, आणि शॅम्पू अजिबात नाही. एवढं सगळं करून शेवटी ‘चिकट वाटतंय’ म्हणून शॅम्पू लावणाऱ्या मी पाहिल्या आहेत. लावलेलं सगळं त्यात निघून जातं. बोटं केसांतून फिरवत दोन-तीन मिनिटं नीट धुवा. हाताला बुळबुळीत लागत असेल तर अजून धुवायचं आहे. गुळगुळीत लागत असेल पण चिकट नसेल तर झालं. कडकडीत पाणी नको. बर्फासारखं गार पाणी घ्यायचाही आग्रह नको, थंडीत उगाच डोकं दुखतं.

सगळ्यांत शेवटी मान, पाठ, कानामागे आणि कपाळ साबणाने धुवा. पाठीवर येणाऱ्या बारीक पुटकुळ्यांचं कारण कितीदा तरी तिथे राहिलेला कंडिशनर असतो. केस धुवायच्या आधी अंघोळ उरकली तर हे राहून जातं. म्हणून क्रम: आधी केस, मग अंग.

९. वाळवणं

पुन्हा तोच पंचा, पुन्हा दाबूनच. केस पुढे घेऊन पंच्याने फटकारायची जी पद्धत आहे, ती आज नको. ओले केस अंबाड्यात बांधून कामाला लागू नका. आतला भाग संध्याकाळपर्यंत ओला राहतो आणि कुबट वास येतो. ड्रायर वापरायचा तर साधारण १५ सेंटिमीटर अंतरावर, हात सतत हलता, मध्यम उष्णतेवर. सत्तर टक्के वाळले की ड्रायर बंद करून बाकी हवेवर सोडा. मग शेंड्यांना दोन थेंब खोबरेल, तळहातावर पसरून, हलकेच. इथे ते चालतं, कारण ते शेवटी आणि नावापुरतं आहे.

घरगुती मास्कविषयी

स्वयंपाकघरातलं सगळं वाईट असं मी म्हणणार नाही, पण प्रत्येक गोष्ट काय करते ते माहीत हवं.

जवस मला खरोखर आवडतं. दोन टेबलस्पून जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळा, सतत ढवळा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटली की गॅस बंद करा आणि गरम असतानाच गाळा. गार झालं की ते गाळणीतून उतरतच नाही, आणि इथेच बहुतेकींचा पहिला प्रयत्न फसतो. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्या. केसावर पातळ, गुळगुळीत पापुद्रा धरतं, कुरळ्या केसांना छान वळण येतं. भिजवून वाटलेली मेथी आणि जास्वंदीची पानं यांचा बुळबुळीतपणाही त्याच जातीचा. मात्र मेथी गाळूनच घ्या, नाहीतर कण दोन दिवस कंगव्यात येत राहतात.

केळं टाळा. कितीही कुस्करलं तरी तुकडे राहतात आणि वाळल्यावर केसाला घट्ट बसतात. कच्च्या अंड्यातलं प्रथिन केसात शिरण्याइतकं लहान नसतं, आणि गरम पाण्याने धुतलं तर ते केसांतच शिजतं. लिंबाचा रस थेट लावू नका, फार आम्ल आहे, टाळूला झोंबतो. आणि खाण्याचा सोडा केसांना कधीही नको. तो अल्कधर्मी आहे, बसलेली कौलं पुन्हा उचकटतो.

मेंदी लावत असाल तर तिने केस कोरडे होतात हे तुम्हाला माहीत आहेच. मेंदी धुतल्यावर त्याच दिवशी फक्त पाणी, मास्क दुसऱ्या दिवशी.

किती दिवसांनी

रंगवलेले, स्ट्रेट केलेले, फार कोरडे केस: आठवड्यातून एकदा. साधे केस: पंधरा दिवसांतून. पातळ आणि लवकर तेलकट होणारे: महिन्यातून एकदा, तेही फक्त खालच्या निम्म्या लांबीला. प्रथिनवाला मास्क कोणालाही दर आठवड्याला नको. केस कडक, काडीसारखे होऊन तुटायला लागतात आणि मग लोक ‘आणखी मास्क हवा’ समजून तोच पुन्हा लावतात. उलट केस लिबलिबीत, दबलेले, धुतल्यावरही जड लागायला लागले तर कंडिशनिंग जास्त होतंय. दोन आठवडे मास्क बंद.

तिसऱ्या दिवशीची तपासणी

न्हाल्यावर लगेच सगळेच केस मऊ लागतात, त्या वेळी निकाल लावू नका. तिसऱ्या दिवशी एक बट घेऊन बोटं शेंड्याकडून मुळाकडे सरकवा. पूर्वीपेक्षा कमी अडलं तर क्रम बरोबर चाललाय. तीन-चार वेळा नीट करूनही शेंडे तसेच अडत असतील तर ते निरखून बघा. दोन फाटे फुटलेला शेंडा कोणत्याही मास्कने जुळत नाही. तो अर्धा इंच कापावाच लागतो, नाहीतर चीर वर चढत जाते.

आणि कंगव्यात आलेले केसही एकदा उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो केस मुळापासून गळलेला आहे. ठिपका नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो मधेच तुटलेला आहे. तुटणं या लेखातल्या पायऱ्यांनी कमी होईल. मुळापासून गळणं होणार नाही. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे, पण त्याहून बरेच जास्त जात असतील, भांग रुंद होत असेल किंवा टाळूवर गोल चट्टा दिसला, तर मास्कवर पैसे घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना मोबाइलवर भांगाचे दोन-तीन महिन्यांतले फोटो घेऊन जा.